एका रक्ताच्या दोन नोंदी

न्यूमोनिया झाला तर डॉक्टर औषध देतात, रुग्ण ते ठरलेले दिवस घेतो आणि बहुधा बरा होतो. मधुमेहाचे तसे नाही. वर्षाच्या ३६५ दिवसांपैकी मधुमेही माणूस डॉक्टरांसमोर फार तर चार-सहा वेळा बसतो. उरलेले सगळे दिवस काय खायचे, किती चालायचे, गोळी केव्हा घ्यायची, अंगाला दरदरून घाम फुटला तर काय करायचे, हे निर्णय त्याचे त्यालाच घ्यावे लागतात. म्हणून या आजारात औषधाइतकेच रुग्णाच्या शिक्षणाला महत्त्व आहे. शिक्षण म्हटले, की आपणा शिक्षकांच्या ओळखीचा प्रश्न पुढे येतो. सगळ्यांना एकच धडा द्यायचा, की ज्याचे त्याचे पाहून शिकवायचे?

ज्याचे त्याचे पाहून शिकवायचे तर त्याच्याविषयी नेमकी माहिती हवी. ती कशी मिळवावी आणि तिचा अर्थ कसा लावावा, याला शंभरएक वर्षांचा इतिहास आहे. या इतिहासाचा एक धागा आपल्या राज्याच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यात, दुसऱ्याच एका आजाराच्या इतिहासाला येऊन मिळतो. त्या दोन धाग्यांची ही हकिकत आहे.

मुंग्यांपासून परीक्षानळीपर्यंत

मधुमेह हे नावच एका निरीक्षणातून आले आहे. या रुग्णांच्या मूत्राला गोडी असते आणि त्याकडे मुंग्या धाव घेतात, हे आपल्याकडील प्राचीन वैद्यांना ठाऊक होते. ही गोडी साखरेचीच, हे मात्र १७७६ साली लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन या डॉक्टरने दाखवले. त्याने मूत्र आटवले आणि तळाशी उरलेला पांढरट साका साखरेसारखाच लागतो, अशी नोंद केली. रुग्णाच्या रक्तातील द्रवालाही गोडवा असल्याचे त्याच्या ध्यानात आले. म्हणजे बिघाड केवळ मूत्रपिंडाचा नव्हता, साऱ्या शरीराचा होता.

पुढे रसायनशास्त्राने चव घेण्याच्या कामातून डॉक्टरांची सुटका केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेतील स्टॅन्ली बेनेडिक्ट यांनी तयार केलेले निळे द्रावण आजही शाळेच्या प्रयोगशाळेत असते. त्यात मूत्राचे थेंब टाकून तापवले, की साखरेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी रंग येतो. ही परीक्षा घरी, चुलीवरही करता येत होती. आपल्या आजाराची माहिती रुग्णाने स्वतः मिळवावी, हे तेव्हा प्रथम शक्य झाले.

या परीक्षेला एक मोठी मर्यादा होती. रक्तातील साखर दर शंभर मिलिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याखेरीज ती मूत्रात उतरत नाही. त्यामुळे साखर १७० असली काय आणि ५० असली काय, द्रावण निळेच राहते. शिवाय मूत्र काही तासांपूर्वीची हकिकत सांगते, या घडीची नव्हे.

रुग्ण हाच विद्यार्थी

अमेरिकेत बॉस्टन येथे इलियट जॉस्लिन नावाचे डॉक्टर होते. आपल्या प्रत्येक मधुमेही रुग्णाची नोंद ते वर्षानुवर्षे ठेवत. रुग्णाला आजार समजलाच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. १९१८ साली त्यांनी खास रुग्णांसाठी एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. अन्न मोजून कसे घ्यावे, मूत्र कसे तपासावे, वही कशी ठेवावी, हे त्यात होते. त्यांनी परिचारिकांनाही शिकवून तयार केले आणि रुग्णांच्या घरी पाठवले.

त्या वेळी इन्सुलिन उपलब्ध नव्हते. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला, आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तो अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. कॉलिप यांनी तो अधिक शुद्ध केल्यावर काही दिवसांतच मुलाची प्रकृती सुधारली. मरणाच्या दारातली मुले परत येऊ लागली. पण त्याबरोबर नवी जबाबदारीही आली. इन्सुलिन कमी पडले तर साखर वाढते, आणि जास्त झाले तर ती इतकी उतरते की माणूस बेशुद्ध पडतो. हा तोल रोज घरीच सांभाळायचा होता.

इंग्लंडमधील डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते आणि १९२३ साली इन्सुलिनमुळेच वाचले होते. त्यांनी १९२५ साली रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही वाचता येईल असे पुस्तक लिहिले. १९३४ साली लेखक एच. जी. वेल्स यांच्यासह त्यांनी मधुमेही लोकांची संघटना स्थापन केली. आजार असलेला माणूस हा नुसता उपचार घेणारा नसून शिकणारा आणि शिकवणारा असतो, हा विचार येथून रुजला.

बोटावरचा थेंब

१९६० च्या दशकाच्या मध्याला रक्ताच्या थेंबावरून साखर दाखवणाऱ्या कागदी पट्ट्या आल्या. पट्टीचा रंग मोजणारे यंत्र त्या दशकाच्या अखेरीस निघाले. ते सुमारे सव्वा किलो वजनाचे आणि महागडे होते, आणि विकले जाई ते फक्त डॉक्टरांना व रुग्णालयांना.

न्यूयॉर्कमधील रिचर्ड बर्नस्टाइन हे व्यवसायाने अभियंते होते. बाराव्या वर्षापासून त्यांना मधुमेह होता. त्यांची पत्नी डॉक्टर असल्याने तिच्या नावावर त्यांनी १९६९ साली हे यंत्र मिळवले आणि दिवसातून अनेक वेळा आपले रक्त तपासून आकडे लिहायला सुरुवात केली. कोणत्या जेवणाने आपली साखर किती चढते, इन्सुलिनच्या एका मात्रेने किती उतरते, हे त्यांनी स्वतःपुरते शोधून काढले. घरी बसून रक्त तपासण्याची कल्पना तेव्हा बहुतेक डॉक्टरांना पटत नव्हती. आपले म्हणणे ऐकले जावे म्हणून बर्नस्टाइन यांनी वयाच्या पंचेचाळिशीत वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि ते डॉक्टर झाले.

नोंदी ठेवून, शिकून साखर आटोक्यात ठेवल्याने खरोखर फायदा होतो का, याचे उत्तर १९९३ साली मिळाले. अमेरिका व कॅनडातील १,४४१ रुग्णांवर दहा वर्षे चाललेल्या पाहणीत, काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्यांमध्ये डोळ्याच्या पडद्याचा विकार नव्याने होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटलेला आढळला. त्याच पाहणीत साखर धोकादायक रीतीने उतरण्याचे प्रसंग मात्र सुमारे तिप्पट झाले. म्हणजे एकच कडक नियम सर्वांना लावून चालणार नव्हते.

विद्युत-क्षेत्रातील शर्यत

या पाहणीत 'काटेकोर नियंत्रण' मोजण्यासाठी जी तपासणी वापरली, तिला आपल्याकडे लोक 'तीन महिन्यांची शुगर' म्हणतात. शास्त्रीय नाव हिमोग्लोबिन ए-वन-सी. तिची जन्मकथा पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९१० साली शिकागोचे जेम्स हेरिक यांनी एका रक्तक्षयी तरुणाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. हाच सिकलसेल आजार. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत-क्षेत्रात ठेवून पाहिले. ते निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते, असे दिसले. आजाराचे मूळ एका रेणूत सापडल्याचे हे पहिले उदाहरण. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमका फरक शोधला. बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते.

या शोधानंतर जगभर निरनिराळ्या हिमोग्लोबिनांचा शोध सुरू झाला. तेहरानमधील सॅम्युएल रहबर हेच काम करीत होते. १९६८ साली त्यांनी जाहीर केले, की मधुमेही रुग्णांच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक जलद सरकणारा पट्टा दिसतो. हा प्रकार आनुवंशिक नव्हता. रक्तातील साखर हिमोग्लोबिनला चिकटल्याने तो तयार होत होता. १९७६ साली अमेरिकेतील केनिग, सेरामी व सहकाऱ्यांनी दाखवले, की रुग्णाची साखर आटोक्यात आली की हा पट्टाही काही आठवड्यांत क्षीण होतो.

तपासणीमागचे तत्त्व सोपे आहे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तेवढ्या काळात भोवतालची साखर तिच्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते. साखर जितकी जास्त, तितके जास्त हिमोग्लोबिन साखरावते. म्हणून हा आकडा मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतो. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४ मिलिग्रॅम, असे कोष्टक आहे. उपाशी राहण्याची गरज नाही, एकदाच रक्त द्यायचे. त्यामुळे ही तपासणी लोकप्रिय झाली आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने काही अटींवर निदानासाठीही तिला मान्यता दिली. ६.५ टक्के किंवा अधिक असेल तर मधुमेह, ही आजची रेषा.

'काही अटींवर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पेशी १२० दिवस जगते, हे या साऱ्या हिशेबात गृहीत धरलेले आहे.

धानाच्या जिल्ह्यातला प्रश्न

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. तलावांचा आणि धानाचा हा मुलूख. पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात सिकलसेलचे वाहक व रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. १९५८ साली नागपूरचे शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचा लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. वाहकाला आई किंवा वडील यांपैकी एकाकडून दोषी जनुक मिळालेले असते आणि त्याला सहसा त्रास होत नाही. दोघांकडूनही मिळाले तर आजार होतो. अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी १२० दिवसांऐवजी बहुधा दहा ते वीस दिवसच टिकतात.

आता वरचा हिशेब पुन्हा करून पाहा. पावसात दोन तास उभ्या राहिलेल्या माणसाचा सदरा चिंब होतो, दहा मिनिटे उभ्या राहिलेल्याचा जेमतेम ओलावतो. पाऊस दोघांवर सारखाच पडत असतो. नुसत्या सदऱ्यावरून पावसाचा अंदाज केला तर दुसऱ्याच्या बाबतीत तो चुकणार. सिकलसेल रुग्णाची पेशी साखरेच्या पावसात थोडाच वेळ उभी असते. तिचा ए-वन-सी आकडा कमी येतो, आणि साखर वाढलेली असतानाही कागदावर सारे ठीक दिसते. अशा रुग्णासाठी ही तपासणी वापरू नये, हे आता सर्वमान्य आहे.

वाहकांचे काय? २०१७ साली अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या ४,६२० लोकांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. रक्तातील साखर सारखीच असताना वाहकांचा ए-वन-सी इतरांपेक्षा सरासरी ०.३ ने कमी आढळला. फरक लहान वाटेल, पण सीमारेषेवरच्या माणसासाठी तो पुरेसा आहे. ६.३ आणि ६.६ या आकड्यांच्या मधोमध निदानाची रेषा जाते. तपासणीच्या पद्धतीनुसारही वाहकांच्या आकड्यात फरक पडू शकतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सडक अर्जुनी तालुक्यातील बेचाळीस वर्षांची एक बाई आहे, आणि ती सिकलसेलची वाहक आहे. तिचा ए-वन-सी ६.३ आला. 'अजून मधुमेह नाही, गोड कमी खा,' असा धडा देऊन तिला परत पाठवले. खरोखर मधुमेह सुरू झाला असेल, तर पुढील काही वर्षे डोळे, मूत्रपिंडे आणि पायांच्या नसा झिजत राहतील. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तपासली असती, तर हे तेव्हाच कळले असते. त्या तपासणीत पेशीच्या आयुष्याचा संबंध येत नाही.

घरगुती ग्लुकोमीटरवर भिस्त ठेवावी, तर तेथेही सावध राहावे लागते. रक्तक्षय तीव्र असेल तर अनेक ग्लुकोमीटर साखर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतात. म्हणजे एकाच रुग्णात एक यंत्र कमी सांगेल, दुसरे जास्त. रुग्णाचे हिमोग्लोबिन किती आणि ते कोणत्या प्रकारचे, हे ठाऊक असेल तरच या आकड्यांचा अर्थ लागतो.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करून प्रत्येकाला कार्ड देण्याचे ठरले. दुसरीकडे, तिशीनंतरच्या सर्वांचा मधुमेह व रक्तदाब तपासण्याचा कार्यक्रम आहे, आणि त्यासाठी आशाताई घरोघरी फॉर्म भरतात. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या रक्ताच्या आहेत. मधुमेहाचा सल्ला देणाऱ्याने सिकलसेलचे कार्ड आधी मागून घ्यावे, हा गोंदियासारख्या जिल्ह्यात शिक्षणाचा पहिला पाठ ठरतो. त्याला पैसे पडत नाहीत.

ज्याचा त्याचा धडा

आकड्यांचा अर्थ माणसामाणसाला वेगळा असतो, याचे आणखी एक उदाहरण आपल्या राज्यातीलच आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. उंची-वजनावरून काढलेला दोघांचा निर्देशांक एकच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. भारतीय माणूस बारीक दिसला तरी आतून चरबीचा असू शकतो, म्हणून वजनकाट्याबरोबर कमरेचा घेरही मोजायला हवा, हे त्या एका चित्रातून साऱ्या जगाला समजले.

माहितीनुसार शिकवण्याचा उपयोग होतो का, हेही आपल्या देशात तपासले गेले. दक्षिण भारतात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३७ पुरुषांची पाहणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला नेहमीचा सल्ला एकदाच दिला. दुसऱ्या गटाला त्यासोबत मोबाइलवर वारंवार संदेश पाठवले. बदलाच्या कोणत्या टप्प्यावर तो माणूस आहे, नुसता विचार करतो आहे की चालायला लागला आहे, हे पाहून संदेश बेतलेले होते. दोन वर्षांत पहिल्या गटातील २७ टक्के लोकांना मधुमेह झाला, दुसऱ्यात १८ टक्के लोकांना.

गोंदियाच्या शेतकऱ्यासाठी धडा बेतायचा तर त्यात काय असावे? 'भात बंद करा' हा सल्ला धानाच्या गावात कोणी पाळणार नाही. ताटातील भात मोजून घ्यावा, वरण व भाजी वाढवावी, आणि जेवणानंतरची साखर तपासून आपल्याला किती भात सोसतो ते पाहावे, हा सल्ला पाळता येतो. रोवणीच्या दिवसांत बाया सकाळपासून चिखलात वाकून असतात आणि जेवण लांबते. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईची साखर अशा वेळी एकदम उतरू शकते. घाम, थरथर, भूक, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहायचे, आणि मग जेवायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये, त्याला तडक दवाखान्यात न्यावे. साखरेची पुडी बांधीवर सोबत असलीच पाहिजे. पेरणी, रोवणी, कापणी आणि रिकामे महिने यांची औषधाची गरज सारखी नसते, म्हणून वहीत साखरेच्या आकड्यापुढे त्या दिवसाचे कामही लिहावे आणि ती वही डॉक्टरांना दाखवावी.

पायांचा पाठ तर खास येथलाच. पायांच्या नसा बधिर झालेला माणूस अनवाणी बांधीत उतरला, तर काटा रुतलेलाही त्याला कळत नाही. रोज रात्री तळपाय दिव्याखाली पाहण्याची सवय कित्येक पाय वाचवू शकते.

वर्गात

चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन व सहकाऱ्यांनी २००५ साली भारतीयांसाठी एक गुणतक्ता मांडला. वयाला जास्तीत जास्त ३० गुण, कमरेच्या घेराला २०, शारीरिक श्रमाच्या अभावाला ३०, आणि आईवडिलांच्या मधुमेहाला २०. बेरीज १००, आणि ६० किंवा अधिक गुण म्हणजे धोका मोठा. परीक्षेत गुण जितके जास्त तितके चांगले, येथे मात्र उलटे. विद्यार्थ्यांना विचारावे, यातील कोणते गुण माणसाला कमी करता येतात? वय आणि आईवडील बदलता येत नाहीत, तेथले ५० गुण हातचे नाहीत. घेर आणि श्रम यांचे ५० आपल्या हाती आहेत.

मोठ्या वर्गांत सरासरीचा पाठ घेता येईल. एकाची साखर दिवसभर १४० ते १७० च्या दरम्यान राहते, दुसऱ्याची ६० आणि २५० यांच्यामध्ये हेलकावते. दोघांची सरासरी जवळपास सारखी निघू शकते. दोघांना एकच सल्ला द्यावा का, यावर मुले उत्साहाने बोलतील.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. हे सारे खेळ कल्पित माणसांवर करावेत. कोणाच्या घरी मधुमेह आहे, कोण सिकलसेलचा वाहक आहे, हे वर्गात विचारू नये. वाहक असल्याचे कळल्याने मुलींची लग्ने अडल्याच्या तक्रारी ऐकू येतात. ज्या माहितीने माणसाला मदत व्हायची, तिच्यानेच त्याची कोंडी होऊ नये. आरोग्याची नोंद ज्याची त्याच्या मालकीची आहे, ती कोणाला दाखवायची हे त्यानेच ठरवायचे. ते ठरवता यावे इतके तिचे ज्ञान त्याला देणे, हे मात्र आपले काम आहे. मुलाच्या हाती सिकलसेलचे कार्ड आले, की त्याला एवढे सांगावे: 'हे जपून ठेव. मोठेपणी कधी साखरेची तपासणी झाली, तर डॉक्टरांना हेही दाखव.'